इंग्लंडातल्या शेतात सापडलेलं चांदीचं नाणं: ओळखायला मदत हवी आहे

इचेनकाठी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय.

मी साउथहॅम्प्टनच्या उत्तरेला राहतो. मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालायचा नाद लागलाय. शेतकऱ्याची लेखी परवानगी आहे, जे काही निघेल त्यात निम्मं त्याचं आणि निम्मं माझं असा कागदही केलाय. त्यामुळे "चोरून उकरतोस का" हा प्रश्न कुणी विचारू नये.

विंचेस्टर आणि साउथहॅम्प्टनच्या मधल्या भागात, नदीपासून थोडं वर एक उताराचं शेत आहे. गहू कापून झालाय, नुसती धसकटं उभी आहेत. जुन्या पायवाटेच्या कडेला बारीकसा पण दोन्ही दिशांनी सारखा येणारा सिग्नल मिळाला. डिटेक्टरच्या पडद्यावरचा आकडा दहाच्या आसपास नाचत होता. या आकड्याला बहुतेक वेळा चॉकलेटची चांदी नाहीतर कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी निघते. चार बोटं खाली ढेकूळ फोडलं तर त्यात हे. पहिल्यांदा मला ते माशाचं खवलंच वाटलं.

धातू चांदी, करडी पडलेली. नाणं इतकं पातळ आहे की चिमटीत धरायची भीती वाटते. एका बाजूला उभा माणूस, हातात काठी किंवा झेंडा. दुसऱ्या बाजूला मधे गोल चेहरा आणि आजूबाजूला काहीतरी पसरलेलं. भोवती अक्षरं आहेत, निम्मी झिजलेली. एका कडेला घडी पडल्यासारखी खूण आहे.

इथल्या मध्ययुगीन पेन्या आता ओळखीच्या झाल्यात. समोरून राजाचा चेहरा, मागे लांब क्रॉस आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन ठिपके. यावर त्यातलं काही नाही, म्हणजे परदेशी असावं. पण कुठलं? प्रचि (प्रकाशचित्र) १ आणि २ पाहा. फोटो फोनवरचे आहेत, सांभाळून घ्या.

शनिवारपेठी

पयला! रोमन आहे. इंग्लंडात रोमन नाणी पोत्याने सापडतात असं ऐकून आहे.

रानवाटा

रोमन नाही हो. रोमन चांदीचा डेनारियस छोटा पण चांगला जाडजूड असतो, साडेतीन ग्रॅमच्या आसपास. हे प्रकरण फारच सडपातळ दिसतंय.

मला वाटतं न्यूरेंबर्गचं जेटन. मी लीड्सजवळ डिटेक्टर फिरवतो, आमच्याकडे खंडीभर निघतात. हिशेबाच्या चौकटीवर मांडायच्या चकत्या त्या, नाणी नव्हेतच. जर्मनीत न्यूरेंबर्गला बनायच्या आणि सगळ्या युरोपभर जायच्या. हान्स क्राउविंकल हे नाव दिसलं की समजायचं. मधे गुलाब, भोवती मुकुट, मागे गोलकावर क्रॉस. नवखा माणूस हमखास "परदेशी नाणं सापडलं" म्हणून नाचतो.

इचेनकाठी

रानवाटा, माझ्याकडे क्राउविंकलची जेटनं आहेत दोन-चार. ती पितळेची, हिरवट पडतात. हे नक्की चांदी आहे. आणि माणूस स्पष्ट उभा आहे, गुलाबबिलाब काही नाही.

बार्देशकार

झेंडेवाला माणूस म्हणजे पोर्तुगीज असू शकतं का? आमच्या घरी गोव्यातली जुनी नाणी होती, त्यांवर संत उभे असायचे. लिस्बनची जहाजं साउथहॅम्प्टनला लागत असतीलच की.

मुद्रिका

मंडळी, जरा थांबा. चित्र बघून देश ओळखायला गेलं तर हा धागा शंभरीपर्यंत जाईल आणि नाणं होतं तिथेच राहील. उभा माणूस अर्ध्या युरोपच्या नाण्यांवर आहे.

इचेनकाठी, एवढं कराल का?

वजन हवं, आणि ते ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. स्वयंपाकघरातला काटा याला शून्यच दाखवेल. सोनाराचा खिशातला काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

व्यास मिलिमीटरमध्ये. कड तुटलेली असेल तर दोन्हीकडून मोजा.

फोटो परत काढा. वरून फ्लॅश नको, त्याने सगळं सपाट दिसतं. खोलीतले दिवे बंद करून एकच टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा आणि नाणं थोडं थोडं फिरवत चार फोटो घ्या. एका फोटोत नाही ते अक्षर दुसऱ्यात उठून येतं.

आणि अक्षरं जशी दिसतात तशी लिहा. अर्थ लावू नका, रिकामी जागा भरू नका. जिथे दिसत नाही तिथे टिंब द्या. माणसाचं डोकं हुशार असतं, त्याला हवा तो शब्द ते दाखवतं.

सर्वात महत्त्वाचं, ते घासू नका. बेकिंग सोडा, फॉइल, टूथपेस्ट, लिंबू, चिंच यातलं काहीही नको. साध्या शुद्ध पाण्यात भिजवून माती सुटेल तेवढी सुटू द्या आणि टिपकागदावर ठेवून वाळवा. घडी सरळ करायला जाल तर दोन तुकडे हातात येतील.

शनिवारपेठी

आमच्याकडे देवाची भांडी चिंचेने लख्ख होतात हो ताई. :)

मुद्रिका

देवाच्या भांड्यांवरची अक्षरं कुणाला वाचायची नसतात!

इचेनकाठी

काटा मागवला, आज आला. वजन ०.४१ ग्रॅम. व्यास १५ मिमी, घडीच्या बाजूने चौदाच्या जवळ.

टॉर्चची युक्ती भन्नाट आहे. प्रचि ३ ते ६ नवीन. माणूस डावीकडे तोंड करून उभा आहे, अंगात घोळदार झगा आणि डोक्यावर मागे टोक आलेली टोपी. दोन्ही हातांनी झेंड्याची काठी धरलीय. झेंडा बारकासा, वरच्या कोपऱ्यात फडकताना दिसतो.

त्या बाजूची अक्षरं: . . . एच ए ई एल . एस टी ई . . . यातला एच छोट्या लिपीतल्यासारखा आहे, पाठीला कमान असलेला. बाकी सगळी मोठी अक्षरं.

दुसऱ्या बाजूला: क्रॉसची खूण, मग एस, मग . ए आर सी व्ही एस . . आणि पुढे घडीत गेलंय.

बार्देशकार

प्रचि ५ मोठा करून पाहिला. मला तर सरळ सरळ कुर्ली दिसतेय! मधे कवच, दोन्ही बाजूंना नांग्या. खेकड्याचं नाणं कुठल्या देशाचं रे?

रानवाटा

मासे खायची वेळ झाली वाटतं तुमची. :D

मुद्रिका

बार्देशकार, हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही जवळजवळ जिंकलात.

तो पंख असलेला सिंह आहे. समोरून पाहणारा, डोक्यामागे प्रभावळ, पुढच्या पंजांत पुस्तक, आणि पंख दोन्हीकडे पसरलेले. सेंट मार्कचा सिंह, व्हेनिसचं राजचिन्ह. आणि या बसक्या सिंहाला खुद्द व्हेनिसची माणसं खेकड्याचंच नाव देतात. तिथल्या खाडीत कात टाकलेला मऊ खेकडा मिळतो, त्याला ‘मोएका’ म्हणतात, म्हणून हा सिंह ‘इन मोएका’. त्यामुळे सहाशे वर्षांपूर्वीचा व्हेनिसवाला आणि आजचा बार्देशकार यांची नजर एकच म्हणायची.

आता अक्षरं. सिंहाच्या बाजूला ‘एस मार्कस वेनेती’ म्हणजे व्हेनिसचा सेंट मार्क. तुमचं ‘ए आर सी व्ही एस’ तिथे बरोबर बसतं, त्या काळी यू ऐवजी व्हीच कोरायचे. माणसाच्या बाजूला मिखाएल स्तेनो, पुढे ‘दुक्स’. व्हेनिसच्या निवडून आलेल्या प्रमुखाला डोजे म्हणत, लॅटिनमध्ये तेच दुक्स. मिकेले स्तेनो १४०० ते १४१३ या काळात डोजे होता. झगा, टोकदार टोपी आणि हातात सेंट मार्कचा झेंडा, हा डोजेचाच वेश. कमानदार एच हे त्या काळच्या गॉथिक वळणाच्या अक्षरांचं लक्षण. वजन, व्यास, चित्र, लेख, चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

तर हे व्हेनिसचं सोल्दिनो, मिकेले स्तेनोचं. इंग्लंडात याला ‘गॅली हाफपेनी’ म्हणत, म्हणजे गॅलीवरून, वल्ह्यांच्या गलबतावरून आलेली अर्धी पेनी.

इचेनकाठी

मुद्रिकाताई, दंडवत! व्हेनिस?? गव्हाच्या शेतात?

म्हणजे कुणी इटालियन व्यापारी घोड्यावरून विंचेस्टरला जाताना खिशातून पडलं असेल का?

मुद्रिका

असा व्यापारी डोळ्यांसमोर येतो खरा, पण शक्यता कमी. पाडणारा बहुधा तुमच्या शेतावर राबणारा इंग्लिश गडीच असावा.

जरा सविस्तर सांगते, कारण यातच खरी गंमत आहे.

व्हेनिसचं सरकार दरवर्षी गलबतांचे ताफे ठरलेल्या मार्गांवर पाठवायचं. त्यातला एक ताफा जिब्राल्टर ओलांडून फ्लँडर्स आणि इंग्लंडकडे यायचा. साउथहॅम्प्टन, सँडविच, लंडन ही त्याची बंदरं. येताना मिरी, आलं, साखर, रेशीम, काच. जाताना इंग्लिश लोकर, कापड आणि कथील. यातली मिरी आपल्या मलबारची. अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून अलेक्झांड्रियाला, तिथून व्हेनिसला, तिथून साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावर.

मोठ्या व्यापाऱ्यांचा व्यवहार हुंड्या आणि सोन्यावर. सोल्दिनो आलं ते वल्हेकऱ्यांच्या खिशातून. गॅलीवरच्या वल्हेकऱ्यांना आपापला थोडा माल नेऊन विकायची मुभा असायची. बंदरात उतरले की चार दिवस बाजार, दारू, कपडे, जेवण. चिल्लर तिथे सुटायची.

आणि ही चिल्लर इंग्लंडला हवीच होती. तिथे तेव्हा सुट्या पैशांचा भयंकर तुटवडा. टाकसाळवाल्यांना तेवढ्याच चांदीची मोठी नाणी पाडणं सोपं पडायचं, अर्धी पेनी आणि पाव पेनी पाडायचा त्यांना कंटाळा. गरिबाला मात्र भाकरी, बिअर घ्यायला सुटे हवेत. पार्लमेंटकडे तक्रारी गेल्या, तेव्हा १४०२ मध्ये हुकूम निघाला की टाकसाळीत येणाऱ्या चांदीपैकी एक तृतीयांशाची अर्धी पेनी आणि पाव पेनीच पाडायची. तरी भागेना.

अशात बंदरावरून चांदीचं, अर्ध्या पेनीएवढं दिसणारं, हाताशी मिळणारं नाणं आलं. लोकांनी ते डोळे झाकून अर्धी पेनी म्हणून वापरलं. कुणाचा डोजे आणि कुणाचा सिंह, कोण विचारतो? इंग्लिश अर्ध्या पेनीत तेव्हा सुमारे ०.५८ ग्रॅम चांदी, सोल्दिनोत त्याहून कमी. म्हणजे आणणाऱ्याला प्रत्येक नाण्यामागे फायदा.

सरकार अर्थातच भडकलं. इंग्लंडात परकं नाणं चालवायचंच नाही, टाकसाळीत देऊन वितळवायचं, हा जुना दंडक. १४०९ मध्ये गॅली हाफपेनीवर कायद्याने बंदी आली. बंदी घालून ती गेली असती तर १४१५ मध्ये पाचव्या हेन्रीच्या राज्यात परत कायदा करावा लागला नसता. त्या वेळी सोबत ‘सस्किन’ आणि ‘डॉडकिन’ नावाची आणखी दोन परकी चिल्लर नाणीही बंद केली.

म्हणून म्हणते, तुमचं नाणं परदेशी खरं, पण ज्याने ते हरवलं त्याच्या लेखी ती नेहमीच्या वापरातली चिल्लर होती. बेकायदा, पण चालणारी. पडल्यावर तो तासभर शोधत बसला असेल.

रानवाटा

ताई, कडक माहिती. वाचनखूण साठवली.

एक शंका. आमच्या क्लबातल्या एकाला सापडलेल्या सोल्दिनोवर डोजे गुडघे टेकून बसलाय आणि नाण्याच्या मागच्या बाजूला येशू उभा आहे. ते वेगळं का?

मुद्रिका

हो, ती दुसरी लाट. साधारण शंभर वर्षांनी, १५०१ ते १५२१ या काळात डोजे असलेल्या लिओनार्दो लोरेदानची नाणी. त्यावर सेंट मार्क गुडघे टेकलेल्या डोजेला झेंडा देतोय आणि मागच्या बाजूला येशू, भोवती ‘लाउस तिबी सोली’. तेव्हाही कारण तेच, सुट्यांची टंचाई. आपल्या धाग्यातलं नाणं पहिल्या लाटेतलं. पहिल्या लाटेत स्तेनोच्या आधीच्या अंतोनिओ व्हेनिएरचीही (१३८२ ते १४००) नाणी सापडतात, म्हणून लेखातली दोन-तीन अक्षरं वाचणं भाग होतं. चित्र दोघांचं जवळपास सारखं.

शनिवारपेठी

आता मुद्द्याचं बोला. किंमत किती? माणूस नोकरी सोडू शकतो का?

रानवाटा

सोडू शकतो, सोमवारी परत धरावी लागेल. अशी झिजकी सोल्दिनो इंग्लंडात बरीच निघतात. विकून चार माणसं पबमध्ये जेवली तर डोक्यावरून पाणी.

वहिनीसाहेब

इतका वेळ गप्प वाचत होते. "गुडघे टेकलेला माणूस, समोर संत, मधे झेंड्याची काठी" हे वाचलं आणि उठून कपाट उघडलं. सासूबाईंच्या पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळीवर अगदी हेच आहे! एक उभा, एक वाकलेला, मधे उभी काठी. मागच्या बाजूला लंबगोलात एक आकृती आणि भोवती चांदण्यांसारखे ठिपके. आम्ही लहानपणापासून राम-सीता म्हणून बघत आलो. अक्षरं म्हणावीत तर नुसत्या रेघोट्या. हे व्हेनिसचं कसं काय?

मुद्रिका

वहिनी, झकास निरीक्षण! हो, पुतळीचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटमध्ये आहे.

डुकाट १२८४ मध्ये सुरू झालं आणि प्रजासत्ताक संपेपर्यंत, म्हणजे १७९७ पर्यंत, जवळजवळ त्याच चित्राचं आणि त्याच वजनाचं, साधारण साडेतीन ग्रॅम, जवळपास शुद्ध सोन्याचं पडत राहिलं. सेंट मार्क, गुडघे टेकलेला डोजे, मधे झेंडा. मागे लंबगोलात ताऱ्यांमध्ये येशू. मसाल्यांच्या बदल्यात ही नाणी पश्चिम किनाऱ्यावर येत राहिली. सोनं खात्रीचं म्हणून लोकांचा त्यावर विश्वास. मराठी कागदपत्रांत होनांबरोबर पुतळ्यांच्याही नोंदी आहेत.

पुढे आपल्या सोनारांनी त्याच चित्राच्या नकला पाडायला घेतल्या. लॅटिन येत नसल्याने अक्षरांच्या रेघोट्या झाल्या आणि घरोघरी डोजेचे देव झाले. तुमच्या माळेतल्या बहुतेक सगळ्या अशा देशी घडणीच्या असतील. रेघोट्या हाच पुरावा. पण एखादीवर खरीखुरी अक्षरं सलग वाचता आली तर मला नक्की कळवा.

वहिनीसाहेब

उद्या भिंग घेऊन बसते. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "डोजे असो नाहीतर कोणी, हळदीकुंकू लावलंय इतकी वर्षं, आता तो आपलाच."

टेम्सकाठची

सासूबाईंना साष्टांग! :)

उलटा प्रवासही असतो बरं का. मी लंडनला टेम्सच्या पात्रात ओहोटीच्या वेळी शोधते. त्यासाठी लंडनच्या बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, नुसतं वाकून उचलणंही परवान्याशिवाय चालत नाही. चिखलातून एकदा १८६२ चा पाव आणा निघाला, व्हिक्टोरियाचा मुकुटधारी चेहरा असलेला. सोबतच्या गोऱ्या काकांना काही केल्या कळेना. मी लांबूनच ओळखला. आमच्या आजोबांच्या डब्यात तसले मूठभर होते. कुणा खलाशाच्या नाहीतर परतलेल्या शिपायाच्या खिशातला असावा.

केंटच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स म्हणून वाळूचे दांडे आहेत. तिथे जानेवारी १८०९ मध्ये ‘ॲडमिरल गार्डनर’ हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज बुडालं. त्यात मद्रास इलाख्यासाठी बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीत पाडलेली तांब्याची दहा आणि वीस कॅशची (कॅश हे तिथलं चिल्लर चलन) नाणी भरली होती. १९८० च्या दशकात ती लाखांनी वर आली. आजही इथल्या जुन्या बाजारात टोपलीत दिसतात.

गडप्रेमी

धागा एक नंबर. प्रेरणा घेऊन विचारतो. डिटेक्टर मागवला तर आपल्या गडकिल्ल्यांच्या पायथ्याला फिरवता येईल का? विकायचं वगैरे काही नाही, फक्त इतिहासाची आवड.

मुद्रिका

नाही. आवड असेल तर अजिबातच नाही.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र, पुढचे दोनशे मीटर नियंत्रित. बाहेर स्वतःच्या शेतात जरी दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तरी १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. (दहा रुपये! १८७८ पासून तो आकडा कुणी बदलला नाही.)

इंग्लंडात हा छंद कायदेशीर आहे तो एक व्यवस्था उभी केल्यावर. संरक्षित स्थळी डिटेक्टर नेणं तिथेही गुन्हाच. आपल्याकडे ती व्यवस्थाच नाही. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या आसपास काय झालं आठवा. सोन्याच्या मोहरा मिळतात अशी हूल उठली आणि रात्री टॉर्च, डिटेक्टर घेऊन लोकांनी शेतांत खड्डेच खड्डे केले. नाणं कुठल्या थरात, कशासोबत होतं ही माहिती त्या फावड्याने कायमची गेली.

गडप्रेमी

समजलं ताई. डिटेक्टरचे पैसे वाचले, ट्रेकचे बूट घेतो.

शनिवारपेठी

आणि त्या खड्ड्यांत पाय अडकून म्हशी पडल्या असतील त्या वेगळ्याच.

इचेनकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता दोन प्रश्न उरलेत. हे सरकारजमा करावं लागतं का? आणि दिवाळीत घरी येताना बाबांना दाखवायला आणू का?

रानवाटा

पहिल्याचं उत्तर मी देतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट. सुटं एकच नाणं सहसा ‘ट्रेझर’ धरत नाहीत. सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी, तीनशे वर्षांहून जुनी आणि एकाच ठेव्यातली असली, की चौदा दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणारा स्थानिक अधिकारी) कळवणं बंधनकारक. शेतात इकडे एक, तिकडे एक अशी वेगवेगळ्या वेळी हरवलेली असतील तर ती एक ठेव नाही. पण त्याच जागी आणखी एक सोल्दिनो लागलं तर खोदणं थांबवा आणि फोन करा. (स्कॉटलंडमध्ये गेलात तर नियम वेगळे, तिथे एक नाणंही कळवावं लागतं.)

मात्र सक्ती नसली तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेत, नोंद जरूर करा. तुमच्या काउंटीचा फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो, आम्ही एफएलओ म्हणतो. तो वजन-फोटो घेतो, जागेची नोंद करतो आणि नाणं परत देतो. असल्या हजारो सुट्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हाच तर ही वल्हेकऱ्यांची चिल्लर देशात कुठपर्यंत पोचली होती ते कळायला लागलं. जागेचा ग्रिड संदर्भ (नकाशावरची नेमकी जागा दाखवणारे आकडे) लिहून ठेवलाय ना? नुसतं "फलाण्याचं शेत" चालणार नाही.

मुद्रिका

दुसऱ्याचं उत्तर: फोटो आणा. ब्रिटनच्या मातीतून निघालेली पन्नास वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायची तर निर्यात परवाना लागतो, किंमत कितीही कमी असो. सामानात टाकून निघालात तर नसतं लचांड मागे लागेल. एफएलओला हेही विचारून घ्या.

तो घडीचाही विषय काढेल. मध्ययुगात इंग्लंडात आजारी माणसाच्या डोक्यावर धरून नाणं वाकवायची रीत होती. बरं वाटलं तर अमुक संताला हे वाहीन, असा नवस. वाकवलेली नाणी त्यामुळे मुद्दाम वेगळी नोंदवतात. पण नांगराच्या फाळानेही नाणं असंच वाकतं. घडी कडेला आणि वेडीवाकडी आहे, मधोमध नाही, त्यामुळे मी नांगराच्या बाजूने.

इचेनकाठी

ग्रिड संदर्भ फोनमध्ये जपून ठेवलाय. एफएलओला मेल टाकली, पुढच्या महिन्यातली वेळ मिळालीय. बाबांना प्रचि ५ पाठवला. त्यांचं उत्तर: "खेकडा छान आहे. जेवलास का?"

बार्देशकार

बाबा आमच्या पार्टीतले!

रानवाटा

धागा हायजॅक करतोय, माफी असावी, पण ताई इथे आहेत तोवर विचारून घेतो. नियमाप्रमाणे सगळं मोजून आणलंय. चांदी, २.९ ग्रॅम, २९ मिमी. एका बाजूला चार भागांची ढाल, लेख: के ए आर ओ एल व्ही एस . . . जी आर ए . . . दुसऱ्या बाजूला नक्षीदार क्रॉस, मधोमध लिलीचं फूल. लेख: . ई एन ई डी आय सी . . . आणखी वाचता येत नाही. प्रचि जोडलेत, टॉर्च बाजूने मारूनच.

मुद्रिका

शाब्बास, असं विचारलं की उत्तर द्यायला मजा येते. बर्गंडीचा ड्यूक धाडसी चार्ल्स, त्याचं डबल पॅटार्ड नावाचं चांदीचं नाणं. ‘कॅरोलस’ तोच. याची गोष्ट सोल्दिनोच्या बरोबर उलटी. याला इंग्लंडात कायद्याची मान्यता होती. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याची बहीण मार्गारेट १४६८ मध्ये चार्ल्सला दिली आणि १४६९ च्या करारान्वये हे इथे चार पेन्सच्या ग्रोटच्या बरोबरीने चालायला लागलं.

मात्र चार्ल्सच्या मुलखातल्या वेगवेगळ्या प्रांतांनी हे पाडलंय, आणि प्रांत कळतो तो ‘जी आर ए’च्या पुढच्या अक्षरांवरून. तिथेच तुमची टिंबं आहेत. त्या भागाचा एकट्याचा जवळून फोटो काढा आणि नवीन धाग्यात टाका, इथे गर्दी नको.